प्रश्न तुमचे : सिम्युलेटरच्या नियमांवर शेतकरी बापानं काय लिहायचं?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले, भात आणि काजूवर घर चालतं. मुलगी बाहेरगावी पायलटचं ट्रेनिंग घेतेय. सुट्टीला आली तेव्हा सांगत होती, सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या यंत्रात, टेकऑफला पाय पेडलवर नुसते ठेवले तरी विमान सरळ धावतं, खऱ्या सेसनात, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानात मात्र नाक डावीकडे ओढतं, पहिल्यांदा ती घाबरलीच. या सिम्युलेटरच्या नियमांचा ड्राफ्ट निघाला की लोकांच्या सूचना मागवतात म्हणे. मी दहावी शिकलेला, माझं कोण वाचणार हो?

उत्तर : दादा, नक्की लिहा. डीजीसीए, म्हणजे विमानांचे नियम ठरवणारं केंद्र सरकारचं खातं, नियम बदलायच्या आधी ड्राफ्ट वेबसाइटवर टाकतं, बहुतेक वेळा महिनाभराची मुदत असते, आणि फक्त एअरलाइनवाल्यांनीच लिहावं असं काही नाही. बेळगावजवळ सांबऱ्याला १९४२ पासून धावपट्टी आहे, विमानं आपल्या भागाला नवी नाहीत, आता पोरी ती चालवायला लागल्यात तर नियमांवर आपण बोलायचं नाही तर कोणी?

आणि मुलीनं पकडलंय ते बारीकसारीक नाही बरं का. सेसनासारखं एका इंजिनाचं विमान फुल पॉवर दिली की प्रोपेलरमुळं डावीकडे वळू बघतं, त्याला उजव्या पायानं आवरायचं असतं. सिम्युलेटरमध्ये हे होतच नसेल तर पायाला चुकीची सवय लागते, आणि खऱ्या रनवेवर ती मोडायला वेळ मिळत नाही.

सिम्युलेटरचे नियम कसे बदलतात, त्याचं एक उदाहरण बघा. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटायला लागल्याचा इशारा म्हणून कंट्रोल हातात थरथरायला लागला, अशा वेळी नाक खाली घालायचं असतं, कॅप्टननं उलट मागं ओढलं, ५० माणसं गेली. तोवर सराव बहुतेक इशारा येईपर्यंतचाच असायचा, कारण त्यापुढं विमान खरोखर कसं वागतं याचा पुरेसा डेटाच सिम्युलेटरमध्ये नसायचा. मग २०१३ ला तिथं एअरलाइन पायलटांना पूर्ण स्टॉलचं ट्रेनिंग सक्तीचं करणारा नियम निघाला आणि २०१६ ला सिम्युलेटरचे स्टँडर्ड बदलले, तेही आधी ड्राफ्ट काढून, लोकांच्या सूचना घेऊनच.

आता लिहायचं कसं ते सांगतो. "सेफ्टी वाढवा" एवढंच लिहिलं तर त्याचं कोण काय करणार? क्लॉजचा, म्हणजे कलमाचा नंबर, आत्ता काय लिहिलंय, त्या जागी काय पाहिजे आणि का, या चारच गोष्टी लिहा, इंग्लिश मुलीकडून करून घ्या. एअरलाइनचा लेव्हल डी सिम्युलेटर सगळ्यात वरचा, त्याची अख्खी केबिन हलते, ट्रेनिंग स्कूलमधलं यंत्र पुष्कळदा जागेवरच असतं, म्हणून तिचं यंत्र कुठल्या प्रकारात पास झालंय ते कागदावर बघून तोच भाग धरा. माझ्या मते दोन गोष्टी मागा : टेकऑफला विमान डावीकडे ओढतं ते यंत्रात खऱ्यासारखं होतंय का याची ठरावीक टेस्ट, आणि यंत्रात कुठला बिघाड चालू आहे ते बसायच्या आधी विद्यार्थ्याला दाखवणारी वही.

स्कूलची तक्रार यात मिसळू नका, ती वेगळी करा, नाहीतर सूचना राहते बाजूला आणि भांडणच दिसतं. पाठवलेल्या मेलची कॉपी ठेवा की, फायनल नियम आला की तुमचा क्लॉज काढून ताडून बघा, काही बदललं नसेल तर पुढच्या ड्राफ्टला पुन्हा पाठवा आणि आम्हालाही कळवा.