सात दिवसांचा उशीर आणि चौथ्या अटीतला एक शब्द

करवीर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, घरची थोडी ऊसशेती. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर 1,84,600 रुपये थकले. बँकेनं 84,000 रुपयांत तडजोड मान्य केली. 28,000 चे तीन हप्ते ठरले: 5 जानेवारी, 5 फेब्रुवारी आणि 5 मार्च. पहिले दोन वेळेत गेले. तिसरा ऊसबिलातून द्यायचा होता, बिल लांबलं आणि पैसे 12 मार्चला गेले. आता 2 एप्रिलचं पत्र आलंय: तडजोड रद्द, भरलेले पैसे मूळ थकबाकीत जमा केले, अजून 1,12,340 रुपये द्या. सोबत लोकअदालतीची नोटीस. अशी पत्रं मला वरचेवर येतात. रक्कम तेवढी बदलते.

ताई, तुम्ही सहा प्रश्न विचारलेत. पाचांची उत्तरं सहाव्यावर अवलंबून आहेत: बँकेला आता तडजोड रद्द करता येते का? आणि तो तुम्ही नीट विचारलेलाच नाही. तडजोडीच्या पत्रातली चौथी अट वाचा. मी तुमच्या फोटोत मोठी करून वाचली. हप्ता तारखेला न आल्यास तडजोड ‘रद्द करण्याचा अधिकार बँक राखून ठेवते’, असं तिथं आहे. बऱ्याच पत्रांत या जागी ‘आपोआप रद्द होईल’ असं असतं. तसं असतं तर माझं उत्तर चार ओळींत संपलं असतं.

अधिकार राखून ठेवला याचा अर्थ तो वापरावा लागतो. 6 मार्चपासून बँक तो वापरू शकत होती. तिनं काय केलं? 12 तारखेला तुमचे 28,000 घेतले, ‘सेटलमेंटपोटी रक्कम मिळाली’ असा मेसेज पाठवला आणि पुढचे तीन आठवडे गप्प बसली. करार कायद्याचं कलम 55 अशाच प्रसंगासाठी आहे. वेळ चुकलेली कामगिरी समोरच्यानं स्वीकारली, आणि स्वीकारतानाच ‘माझा हक्क राखून घेतोय’ असं कळवलं नाही, तर उशिराबद्दल त्याला नंतर भरपाई मागता येत नाही. कलमाचे शब्द भरपाईपुरते आहेत. पण उशिराचा हप्ता ठेवून घेतला म्हणजे तडजोड मोडायचा पर्याय बँकेनं सोडला, असा युक्तिवाद त्यावर भक्कम उभा राहतो. जोडीला कलम 63: ज्याला पैसे यायचे आहेत तो मुदत वाढवू शकतो, कमी रकमेवर समाधानही मानू शकतो.

बँक काय म्हणेल तेही सांगतो. कार्डाचं खातं चालू आहे, त्यात पडेल ती रक्कम संगणक जमा करून घेतो, त्याला संमती म्हणत नाहीत. हा बचाव कमकुवत नाही. म्हणून तो मेसेज कोणाकडून आला यावर बरंच काही ठरेल. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव असेल तर उत्तम. वसुलीवाल्याच्या मोबाइलवरून व्हॉट्सअॅपला आला असेल तर जोर कमी, पण शून्य नव्हे. वसुली एजंटांच्या वागण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेनं बँकेवरच टाकलेली आहे. मेसेज पुसू नका, तो फोन एक्स्चेंजमध्येही देऊ नका. नुसत्या स्क्रीनशॉटनं भागत नाही. प्रकरण पुढं गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे (पुराव्याच्या कायद्याप्रमाणे) प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

एजंट फोनवर म्हणाला होता, “दोन-चार दिवस मागंपुढं झालं तर काय होत न्हाई.” त्या बोलण्यावर तुम्ही 84,000 रुपयांचा व्यवहार टांगून ठेवलात! एका ओळीचा ईमेल टाकायला काय लागलं असतं? आता बँकेकडे त्या कॉलचं रेकॉर्डिंग मागा. तारीख आणि अंदाजे वेळ लिहून मागा.

करायचं ते असं. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि नोडल अधिकाऱ्याला ईमेल करा, तेच पत्र स्पीड पोस्टानंही पाठवा आणि पोच जपा. तडजोड पत्राचा क्रमांक, तिन्ही हप्त्यांच्या तारखा आणि यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्यावर मिळणारा व्यवहार क्रमांक), 12 मार्चच्या मेसेजचा शब्दशः मजकूर लिहा. मागणी दोन पायऱ्यांची ठेवा. पहिली, तडजोड पूर्ण झाली असं धरून नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नाही असं, पत्र द्या. दुसरी, ते मान्य नसेल तर सात दिवसांचं व्याज घ्या आणि विषय मिटवा. तुमच्या स्टेटमेंटवर दर महिना 3.6 टक्के आहे. 28,000 वर सात दिवसांचे साधारण 232 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 274. हे 274 रुपये आजच द्यायला तयार आहोत असं लिहा. 1,12,340 समोर हा आकडा ठेवला की वरचा अधिकारी जरा थांबून विचार करतो.

उत्तर येईपर्यंत मात्र ‘थोडे तरी भरून टाकू’ म्हणून एक रुपयाही भरू नका. भरलात तर मूळ थकबाकी जिवंत आहे हे तुम्हीच मान्य केलंत, असं बँक म्हणेल. व्याज चढत राहील हा धोका आहे. तो घ्यावा असं माझं मत आहे, खात्री देत नाही.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. फी नाही, वकील नको. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण दोन्हीकडे एकदम जाऊ नका, लोकपाल तक्रार घेणार नाही. ग्राहक कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, ते कागदावर. तारखांना जायचे खाडे धरले तर आधी लोकपालच परवडतो.

कसबा बावड्याच्या लोकअदालतीची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. दावा अजून दाखलच नाही, त्यामुळे गेला नाहीत तरी तुमच्या पाठीमागं तिथं निकाल लागत नाही. तरी जा. बँकेचा अधिकार असलेला माणूस समोर बसण्याची ती एकमेव जागा आहे. फक्त नव्या आकड्यावर सही करू नका. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. ‘साठ हजारांत करून देतो’ म्हणतील, तेव्हा चौथी अट आणि 12 मार्चचा मेसेज पुढं करा.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. व्याजाला सावकारी कायदा लागत नाही. तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा जुना निर्णयही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला, तो वाद उकरू नका. निव्वळ थकबाकीसाठी अटक होत नाही. हप्त्यांसाठी चेक दिले असते आणि ते वटले नसते तर गोष्ट वेगळी होती. फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर आला तर वेळ टिपून त्याच तक्रारीत घाला. तडजोड टिकली तरी सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ राहील, घरकर्जाला काही वर्षं अडेल. त्यासाठी गुजरीच्या सराफ बाजारात पाटल्या मोडायला जाऊ नका.

ऊसबिलाचं म्हणाल, तर ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज हा तुमचा हक्क आहे, पण तो कारखान्याविरुद्ध. बँकेला त्याचं सोयरसुतक नाही. पगार 10 तारखेला होतो हे माहीत असून हप्त्याला 5 तारीख तुम्हीच सांगितलीत. नवी तडजोड करायची वेळ आलीच तर 12 किंवा 15 तारीख मागा आणि ऊसबिल हिशेबातच धरू नका.

आणि पत्रावर सही नवऱ्याची घ्या. कार्ड त्यांच्या नावावर आहे. तुम्ही जामीन राहिला नसाल तर या पैशाला तुम्ही बांधील नाही, एजंट काहीही म्हणो. पण तुमच्या सहीच्या अर्जाला बँक उत्तरही देणार नाही.