आधी ताटातला भात, मग शाळेचा अर्ज

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षं नॉर्वेत लिलेहॅमरजवळ राहताय, लेक दहावीत आहे, आठव्या वर्षापासून गावच्या क्लबात स्की जंपिंग, म्हणजे बर्फाच्या टेकडीवरून स्कींवर लांब उडी मारण्याचा खेळ, करते आणि आता तिला खेळाच्या शाळेत जायचंय. अर्जाची मुदत १ मार्च. साताऱ्याहून आई फोनवर विचारतात, ‘पोरीच्या जातीला हे झेपतं का?’ तुम्ही विचारलंय की यात पुढे काही आहे का, आणि शिक्षणाचं काय. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय: ‘हल्ली ताटातला भात निम्मा बाजूला सारते, वजनकाटा स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलाय.’

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. कारण एकदा अशी ओळ मी सोडून दिली होती. कोल्हापूरकडची एक कुस्तीगीर मुलगी माझ्याकडे यायची. वजनगटात बसायला ती स्पर्धेआधी दोन दिवस पाणी तोडते, असं तिच्या आईने सांगितलं. मी ‘खेळात असं चालतंच’ म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळले. सहा महिन्यांनी नुसत्या सरावात तिच्या पायाचं हाड तडकलं. पाळी कधीची बंद झाली होती, ते तिने घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. ती चूक माझ्या अजून मनात आहे.

लेकीच्या भिंतीवर नॉर्वेच्या स्की जंपर मारेन लुंडबीचा फोटो आहे म्हणता. मग तिच्याबद्दलच बोलू. मारेन तुमच्याच भागातली. जन्म योविकचा, १९९४ चा, म्हणजे लिलेहॅमरला ऑलिम्पिक झालं त्याच वर्षीचा. क्लब कोल्बुकामेरातेने, गावचा. ती शाळेत होती तेव्हा बायकांची स्की जंपिंग ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. आईंच्या मनात जी शंका आहे ती २००५ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, जियान फ्रांको कास्पर यांनी, जाहीरपणे बोलून दाखवली होती. वैद्यकीय दृष्टीने हा खेळ बायकांना योग्य वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा आईंना बोल लावू नका. त्यांना सांगा की नॉर्वेच्याच ट्रिसिल गावात १८६२ साली इंग्रिड वेस्टबी नावाच्या मुलीने स्पर्धेत उडी मारली होती, आणि झेपतं की नाही याचं उत्तर तेव्हापासून मुली देतच आल्यात.

मारेनच्या आधीची आनेट्टे सागेन लेकीला माहीत असेलच. २००४ मध्ये विकर्सुंडच्या महाकाय टेकडीवर, म्हणजे सगळ्यात लांब उड्यांच्या टेकडीवर, उडी मारायला तिला झगडावं लागलं. २००९ मध्ये लिबेरेत्सला बायकांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, त्यात तिने कांस्य मिळवलं. त्याच वर्षी कॅनडाच्या न्यायालयात महिला खेळाडूंचा दावा उभा राहिला. न्यायाधीशांनी भेदभाव होतोय हे मान्य केलं, पण ऑलिम्पिक समितीवर तिथला कायदा लागू होत नाही म्हणून व्हँकूव्हरच्या २०१० च्या ऑलिम्पिकचं दार बंदच राहिलं. २०१० मध्ये ऑस्लोच्या नव्या होल्मेनकोलेन टेकडीवरची पहिली उडी लोकांनी मतं देऊन आनेट्टेला दिली होती, तर आदल्या रात्रीच एका पुरुष खेळाडूने चाचणी म्हणून तिथून उडी मारून घेतली. हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं.

मग दार उघडलं. डिसेंबर २०११ मध्ये बायकांचा विश्वचषक, म्हणजे मोसमभर चालणारी स्पर्धांची मालिका, तुमच्याच लिलेहॅमरला सुरू झाला. २०१४ मध्ये सोचीला ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळाला, मारेन आठवी आली. चार वर्षांनी प्योंगचांगला बोचऱ्या थंडीत १०५.५ आणि ११० मीटरच्या दोन उड्या आणि सुवर्ण. दुसरीपेक्षा तब्बल १२ गुण जास्त. २०१८, २०१९, २०२० असा सलग तीनदा विश्वचषक. २०१९ ला सेफेल्डमध्ये जागतिक विजेती, २०२१ ला ओबर्स्टडॉर्फमध्ये पुन्हा, आणि तेही मोठ्या टेकडीवर, जिथे जागतिक स्पर्धेत बायकांना तेव्हा पहिल्यांदाच उतरू दिलं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, बीजिंग ऑलिम्पिक चार महिन्यांवर असताना, तिने टीव्हीवर रडत रडत सांगितलं की या मोसमात मी उतरणार नाही. शरीर बदललंय, वजन वाढलंय, ते कमी करायला टोकाचं काही करायची माझी तयारी नाही. २७ वर्षांची होती, ऑलिम्पिकची गतविजेती होती. ताई, तिच्या सगळ्या कारकिर्दीत मला हा दिवस सगळ्यात मोठा वाटतो. पुढच्या हिवाळ्यात ती परत उतरली.

वजनाचं एवढं का, हे तुम्हाला टेकडीखाली उभं राहून दिसलंच असेल. मुलगी वर उताराच्या तोंडाशी आडव्या बारवर बसते, हिरवा दिवा लागतो, प्रशिक्षकाने झेंडा खाली केला की सुटते. मोठ्या टेकडीवर ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेग असतो, उताराच्या टोकाशी पाय उलगडायला निमिषभर मिळतं, मग स्कींचा व्ही करून हवेवर झोकून द्यायचं. हवा जेवढी हलक्या अंगाला तोलते तेवढी जड अंगाला तोलत नाही. म्हणून उपाशी राहायचा मोह या खेळाच्या पोटातच आहे. महासंघालाही ते ठाऊक आहे. स्कीची लांबी उंचीच्या १४५ टक्क्यांपर्यंत चालते, पण उंचीच्या मानाने वजन ठरावीक मर्यादेखाली गेलं की स्की आखूड घ्यावी लागते, म्हणजे उपासाचा फायदा कापला जातो. तरीही मर्यादेच्या अगदी काठावर राहायची धडपड उरतेच.

तुमच्याकडे लहान मुलांच्या खेळाचे नियम किती जपून केलेत बघा. अकराव्या वर्षापर्यंत निकालाची क्रमवारी लावत नाहीत, तेराच्या आधी राष्ट्रीय स्पर्धा नाही. लेक त्या मोकळ्या वातावरणात वाढली. आता पंधराव्या वर्षी अंतर, गुण, नंबर असे सगळे आकडे एकदम समोर आले, आणि नेमकं याच वयात मुलीचं अंग भरतं. वजनकाटा खोलीत जायचं कारण मला इथे दिसतं.

तेव्हा आधी फास्टलेगेची, म्हणजे तुमच्या ठरलेल्या घरच्या डॉक्टरांची, वेळ घ्या. पाळी नियमित आहे का, रक्तात लोह किती, खाणं सरावाला पुरतंय का, एवढं बघून घ्या. डॉक्टरांशी तिला थोडं एकटीलाही बोलू द्या. घरी ‘खा गं’ चा धोशा लावू नका आणि वजनावरून चेष्टाही नको, आजीची फोनवरची मायेची चेष्टाही नको. काटा मात्र तिच्याशी नीट बोलून खोलीतून बाहेर आणा.

शाळेबद्दल. अर्ज करू द्या, माझी हरकत नाही. विद्यापीठाच्या प्रवेशाची पात्रता खेळाच्या शाखेतूनही मिळते आणि सर्वसाधारण शाखेत ‘टोप्पिद्रेत’ (उच्च पातळीचा खेळ) हा विषय घेऊनही मिळते. मी दुसरा रस्ता सुचवेन. गणित, विज्ञान हाताशी राहतं आणि सकाळचा सराव वेळापत्रकातच बसतो. पुढे खेळातच राहायचं ठरलं तर ऑस्लोची क्रीडा महाविद्यालयीन संस्था आहेच, फिजिओ, प्रशिक्षक, क्रीडा-विज्ञान असे मार्गही आहेत.

शाळा बघायला जाल तेव्हा टेकडी आणि जिम नंतर बघा. आधी विचारा: मुलींचं वजन कोण करतं, किती वेळा, आणि तो आकडा कुणाकुणाला दिसतो? आहारतज्ज्ञ कोण आहे? एखादी मुलगी ‘या महिन्यात मी उडी मारणार नाही’ म्हणाली तर तिची जागा राहते का? उत्तर देताना प्रशिक्षक चाचरले किंवा हसण्यावारी नेलं, तर ती शाळा यादीतून काढा, तिचं नाव कितीही मोठं असो.

पैशाचंही लपवत नाही. अगदी वरच्या थोड्या जणींनाच यात पोटापुरतं मिळतं. २०२४ च्या शेवटच्या दिवशी गार्मिशला पात्रता फेरी जिंकणाऱ्या जर्मनीच्या सेलिना फ्रायटागला बक्षीस म्हणून शाम्पू आणि टॉवेल मिळाले, पुरुषांना रोख. तरी दारं उघडतायत हेही खरं. बायकांना महाकाय टेकडीवर उतरू द्या म्हणून मारेन सतत बोलत राहिली, आणि मार्च २०२३ मध्ये विकर्सुंडला ती स्पर्धा झाली. पुढच्याच वर्षी तिथे नॉर्वेच्या सिल्ये ओप्सेतने २३०.५ मीटरची उडी मारली. विकर्सुंड तुमच्यापासून काही फार लांब नाही, लेकीला घेऊन एकदा जाऊन या.

आईंना माझा नमस्कार सांगा. डॉक्टर काय म्हणतात ते कळलं की मला लिहा, मग अर्जात शाळांचा क्रम कसा लावायचा ते आपण दोघी बसून ठरवू.