बॅगेत फूटपट्टी ठेव

माझ्या ज्युनियरला, अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला: ‘सर, हत्यार कायद्याची पहिली केस. मुलगा एकोणीस वर्षांचा, कमरेला कोयता सापडला. कलमं चार-पंचवीस आणि एकशे पस्तीस. उद्या रिमांड आहे.’ रिमांडपुरतं फोनवर सांगितलं. बाकीचं लिहून पाठवतोय, कारण फोनवर सांगितलेलं तू ‘हो सर, हो सर’ करत ऐकतेस आणि वहीत एक ओळ उतरवत नाहीस.

सुरुवात तुझ्या मेसेजपासूनच करू. ‘कमरेला कोयता सापडला’ हे वाक्य फिर्याद देणाऱ्या हवालदाराचं आहे. तू ते वाचलंस आणि आपलंसं करून टाकलंस. आपण म्हणायचं, ‘कमरेला कोयता सापडला असं पोलिसांचं म्हणणं आहे.’ सगळी केस त्या शेवटच्या चार शब्दांत लढायची असते. कमरेपासून कोर्टाच्या टेबलापर्यंत तो कोयता आला कसा, वाटेत कुठे थांबला, कुणाच्या हातात होता, त्याबद्दल कुणी काय लिहिलं, एवढंच तपासायचं. वेगळी गोष्ट रचायला जाऊ नकोस. रचलेली गोष्ट उलट्या प्रश्नात टिकत नाही, आणि टिकली तरी ती तुझी झोप घालवते.

कलमं आधी सुटी कर. 1959 च्या शस्त्र अधिनियमात पिस्तुलं, बंदुका, काडतुसं कलम 3 मध्ये येतात, धारदार हत्यारं कलम 4 मध्ये. शिक्षा दोन्हींची पंचविसात असल्यामुळे लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात. कलम 3 ला परवाना नसणं पुरतं. कलम 4 ला पुरत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून त्या भागाला ते कलम लागू केलेलं असावं लागतं, आणि सापडलेलं हत्यार त्या अधिसूचनेतल्या वर्णनात बसावं लागतं. दोषारोपपत्र हातात आलं की शेवटच्या पानापर्यंत जा आणि ती अधिसूचना जोडली आहे का बघ. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतला बटणाच्या चाकूचा एक खटला रद्द केला, तो अधिसूचनेच्याच मुद्द्यावर.

एकशे पस्तीसचंही तसंच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खाली मनाई आदेश असेल तरच तो मोडल्याची शिक्षा 135 खाली होते. हे आदेश बहुधा पंधरा-पंधरा दिवसांचे निघतात. घटनेच्या तारखेला आदेश चालू होता का? तो रीतसर जाहीर कसा केला, कुठे लावला, कोण सांगणार? नुसतं ‘मा. साहेबांच्या मनाई आदेशाचे उल्लंघन केले’ असं फिर्यादीत लिहून आदेश सिद्ध होत नाही.

आता कोयता. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. म्हणून ‘कोयता म्हणजे शेतीचं अवजार, साहेब’ असा युक्तिवाद सगळेच करतात. तो सरसकट करू नकोस. ऊस तोडायचा कोयता वेगळा, आणि मुद्दाम पातं लांबवून मुठीला कापड गुंडाळून घेतलेला वेगळा. न्यायाधीशांना दोन्ही कळतात. पहिल्या प्रकारचा असेल तरच त्या वाटेला जा. ते ठरवायला वस्तू स्वतः पाहावी लागते. चाकूला तर मापच दिलं आहे. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धरले आहेत, तेही घरगुती, शेतीचे, कारखान्यातले सोडून.

म्हणून बॅगेत फूटपट्टी ठेव. हसू नकोस. वकिली सुरू करून मला चार-पाच वर्षं झाली होती. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘एकूण लांबी 18 इंच, मूठ लाकडी, मुठीवर दोन पितळी रिबिटा.’ साक्षीच्या वेळी पाकीट उघडलं, हवालदाराने वस्तू ओळखली, मी माझी उलटतपासणी करून खाली बसलो. सरकारी वकील पुढचा साक्षीदार बोलवायला उठले तेव्हा माझी नजर टेबलावर गेली. मुठीवर रिबिटा तीन होत्या, आणि त्या पितळी नव्हत्या. लांबीही अठरा इंच वाटेना. पण मोजायला माझ्याकडे काही नव्हतं आणि साक्षीदार पिंजऱ्यातून उतरून गेला होता. त्याला परत बोलवायचा अर्ज दिला, तो नामंजूर झाला. आरोपीला शिक्षा झाली. ती वस्तू बदलली होती का, मापच चुकीचं लिहिलं होतं, हे मला आजही माहीत नाही. विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही, एवढं मात्र पक्कं. त्या संध्याकाळी घरी जाताना लाकडी पट्टी घेतली, ती अजून बॅगेत आहे.

मुद्देमालाचं पाकीट उघडण्याआधी बाहेरून वाच. लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, लाखेवर शिक्का उमटलाय की नुसता लाल गोळा आहे, दोरा सीलच्या खालून गेलाय की वरून, सगळं बघ. आणि लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर आहे का? पंचनामा रात्री सव्वादहा ते अकरा, गुन्हा दाखल झाला बारा चाळीसला, आणि अकरा वाजता चिकटवलेल्या लेबलवर त्याच शाईत, त्याच अक्षरात गु. र. नं. लिहिलेला! जन्मायच्या आधीच बारसं. असं दिसलं तर गडबडीने विचारू नकोस. आधी पंचनाम्याची वेळ पक्की करून घे, मग लेबल जागेवरच लावलं हे वदवून घे, मग गुन्हा किती वाजता नोंदवला ते घे, आणि थांब. ‘मग हा नंबर आधी कसा आला?’ हा प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नसतो. विचारलास की तो म्हणेल, ‘नंतर लिहिला,’ आणि तुझा मुद्दा गेला. तो प्रश्न युक्तिवादात न्यायाधीशांसमोर ठेवायचा.

हल्ली पंचनामे ‘जागीच लॅपटॉपवर टंकलिखित’ असतात. मग प्रिंटर कुठे होता? गाडीत? वीज कुठून घेतली? लाख कशावर वितळवली? रस्त्याच्या कडेला, रात्री, पावसात. फालतू वाटतात हे प्रश्न, पण जागेवर खरोखर पंचनामा केलेला माणूस त्यांची उत्तरं पटकन देतो. पोलीस ठाण्यात बसून केलेला अडखळतो. आणि पटकन, सरळ उत्तर आलं तर तेही मान्य कर, पुढचा मुद्दा घे.

1 जुलै 2024 नंतरच्या केसमध्ये आपल्या हातात एक नवी गोष्ट आली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं. तुझ्या केसमध्ये ते आहे का विचार. नसेल तर का नाही. असेल तर प्रत माग, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र आहे का बघ, आणि मग ते चित्रण घरी शांतपणे, आवाज बंद करून एकदा आणि चालू करून एकदा बघ. पहिला सेकंद महत्त्वाचा. अंगझडती घेताना चित्रण सुरू झालंय, की हत्यार हवालदाराच्या हातात आल्यावर? पंच कुठे उभे आहेत? चित्रात आहेत तरी का?

पंचांवरून आठवलं. पंच फितूर झाला की ज्युनियर मंडळी कॅन्टीनला पेढे वाटायच्या मूडमध्ये येतात. पोलिसांची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते, होते. पंच गेला म्हणजे केस गेली असं नाही. उलट नेहमीचा पंच, जो दहा पंचनाम्यांत सापडतो, तो सरकारच्या बाजूने घडाघडा बोलला तर आपल्याला जास्त उपयोगाचा. त्याच पोलीस ठाण्याच्या जुन्या केसेसमध्ये त्याचं नाव शोध.

पुढे कधी कट्ट्याची, म्हणजे गावठी पिस्तुलाची, केस आली तर काही गोष्टी वेगळ्या लागतील. विनापरवाना अग्निशस्त्राला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहेत, प्रतिबंधित शस्त्राला सात ते चौदा. तारीख दुरुस्तीआधीची असेल तर जुनी शिक्षा. कलम 3 च्या गुन्ह्याला कलम 39 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आयुक्तालयात पोलीस आयुक्तांची. मंजुरीचा आदेश नीट वाच. बॅलिस्टिक अहवाल यायच्या आधीचीच तारीख असेल, तर सही करणाऱ्याने नक्की काय पाहून सही केली? अहवालात कट्टा चालू स्थितीत आहे का, काडतूस जिवंत होतं का आणि चाचणीत उडवून पाहिलं का, हे तीन शोध.

पण हत्यार कायद्यातला खरा शब्द ‘ताबा’. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलालच्या निकालात आणि 1994 मध्ये संजय दत्तच्या निकालात घटनापीठाने सांगितलं की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. विमानतळावर जुन्या बॅगेच्या अस्तरात एक काडतूस निघतं, माणसाला पत्ता नसतो. चार जण गाडीत, कट्टा मागच्या सीटखाली, तेव्हा पोलीस शस्त्र अधिनियमाचं कलम 35 दाखवतील. त्यातही ज्याला माहिती होती असं मानायला कारण आहे तोच धरला जातो. गाडी कुणाची, कोण कुठे बसलं होतं, सीटखालचं कुणाला दिसलं असतं, हे बघावं लागतं.

आणि याच शब्दावर मी एकदा माती खाल्ली आहे. हवालदाराची उलटतपासणी छान चालली होती. पंचनाम्याची वेळ हलली होती. जोशात येऊन मी सूचना केली, म्हणजे आपल्या बाजूचं म्हणणं साक्षीदारापुढे प्रश्न म्हणून ठेवलं, ‘आरोपीला जिवाची भीती होती म्हणून त्याने ते स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगलं होतं, हे म्हणणं खरं आहे का?’ साक्षीदार म्हणाला, ‘मला माहीत नाही.’ न्यायाधीशांनी टायपिस्टकडे पाहिलं. माझ्याच तोंडून ताबा कबूल झाला होता. तासाभराची मेहनत एका वाक्यात गेली. पुढे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या खटल्यात स्पष्ट केलं की बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत केलेली सूचना आरोपीवर बंधनकारक ठरू शकते. म्हणून सूचना आदल्या रात्री लिहून काढ. उभ्याउभ्या सुचलेली सूचना गिळून टाक.

जामिनाचं थोडक्यात. तुझ्या केसमधल्या कलमांना सात वर्षांच्या आतली शिक्षा आहे, तेव्हा अटकेची गरज काय होती आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायची, नोटीस का दिली नाही, हे आधी विचार. अटकेची कारणं लेखी दिली का, तेही. साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो; ते साठ दिवस रिमांडचा पहिला दिवस धरून मोज आणि डायरीत लाल शाईने लिही. दोषारोपपत्र नाही आलं तर एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज दाखल झालेला असला पाहिजे. दुपारी गेलीस आणि त्याआधी दोषारोपपत्र आलं, तर तो हक्क संपला.

मुलाची आई तुला भेटायला येईल. कुणीतरी तिला सांगितलं असेल, ‘कबूल करा, दंड भरा, सुटेल.’ तिला बसवून, पाणी देऊन, सावकाश समजाव. 37(1) चा आदेश मोडला तर 135 ला एरवी किमान चार महिने आहेत, कमी करायचे तर कारणं लेखी द्यावी लागतात. त्यातून दंडावर सुटला तरी दोषसिद्धी राहते. उद्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी आली, पासपोर्ट आला, की ती ओळ समोर येते. एकोणिसाव्या वर्षी दोन तारखा वाचवण्यासाठी हे करू नका म्हणावं. निर्णय मात्र त्या मुलाचा, आईचा नाही आणि तुझाही नाही. पैसे नसतील तर कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, हेही सांग. तिने तुझ्यासाठी दागिना मोडू नये.

आणि तू न विचारलेला प्रश्न. तो मुलगा तुला एकट्यात म्हणाला, ‘मॅडम, होता माझ्याकडे,’ तर? तर काही नाही. बचाव करताना आरोपी दोषी आहे की नाही याबद्दलचं स्वतःचं मत आड आणायचं नाही, हे बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. फक्त त्यानंतर ‘त्याच्याकडे नव्हताच’ असा साक्षीदार उभा करायचा नाही. पंचनाम्याची, मापाची, अधिसूचनेची परीक्षा तू तरीही घेऊ शकतेस, घ्यायलाच हवी. पण तो म्हणाला की ‘अजून एक घरी माळ्यावर आहे, काय करू,’ तर ते हलव, फेक, असलं काहीही तोंडातून काढायचं नाही, वस्तूला हात लावायचा नाही. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्यात तू वकील नसशील, आरोपी असशील. असं काही निघालं तर त्याच रात्री मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

शनिवारी ऑफिसला ये. येताना पंचनामा, फिर्याद आणि रिमांड रिपोर्ट यांच्या प्रती आण, तिन्हींतल्या वेळा एका कागदावर एकाखाली एक मांडून. मुद्देमाल पाहायला मिळावा म्हणून अर्जाचा मसुदा तू कर, मी वाचेन. पट्टी स्वतःची आण. माझी मी कुणाला देत नाही.

तुझा,
सर