'आम्हाला सगळं चालते' म्हणणाऱ्या आई-बाबांना घेऊन ऑर्लँडोला

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. सासू-सासरे एप्रिलमध्ये नागपूरहून, त्रिमूर्तीनगरातून, त्यांच्याकडे जाणार आहेत. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. उन्हाळ्याच्या सुटीत सगळ्यांनी मिळून गाडीनं ऑर्लँडोला जायचं आणि डिस्ने वर्ल्ड बघायचं असं घरात ठरतंय. त्या लिहितात, "सासऱ्यांना शुगर आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. पण काही विचारलं की दोघंही म्हणतात, आमचं काय, आम्हाला सगळं चालते. गाडीनं नेऊ की विमानानं? कधी नेऊ?"

गाडीनं न्या. नातवंडांसोबत तीन दिवस एका गाडीत बसायला मिळणं हे आजी-आजोबांसाठी डिस्नेपेक्षा मोठं आहे, असं मला मनापासून वाटतं. पण 'आम्हाला सगळं चालते' या वाक्याच्या भरवशावर एकही बुकिंग करू नका.

अमेरिकेहून परत आलेले आई-बाबा इथे माझ्याशी बोलतात, तेव्हा जे सांगतात ते त्यांनी मुलांना सांगितलेलं नसतं. गाडी सारखी थांबवावी लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच प्यायलो नाही, असं सांगणाऱ्या काकू मला भेटतात. मुलानं एवढे डॉलर घालून तिकीट काढलं, मग बसतो कसं म्हणायचं, म्हणून पाय सुजेपर्यंत चालत राहिलेले काका भेटतात. तक्रार कुणाचीच नसते. मुलांवर भार पडू नये एवढंच त्यांना हवं असतं, आणि त्यापायी ते स्वतःचे हाल करून घेतात. म्हणून सगळं प्लॅनिंग इथून सुरू करा: त्यांना खरं काय झेपतं ते आधी नीट काढून घ्या.

'तुम्हाला झेपेल का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा, "बाबा, सकाळी अंबाझरीला जाता तेव्हा मध्ये किती वेळा बसता?" "आई, रात्री किती वेळा उठावं लागतं?" "मागे समृद्धीनं शिर्डीला गेलात तेव्हा गाडीतून उतरल्यावर पाय धरले होते का?" अशा प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात. दोघांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर दोघंही लपवतात. आणि नागपुरात नणंद असेल तर तिला नक्की फोन करा. आई मुलाला जे सांगत नाही ते लेकीला सांगते.

आता अंतराचं बघू. एडिसन ते ऑर्लँडो साधारण सतराशे किलोमीटर, बहुतेक सगळा रस्ता आय-९५ या हायवेचा. नागपुरात बसून हा आकडा कळत नाही, म्हणून आई-बाबांना असं सांगा: समृद्धीनं मुंबईला जायचं, तसंच नागपूरला परत यायचं आणि वर अमरावतीला जाऊन यायचं, एवढं एका बाजूचं अंतर. तरुण मंडळी हे आळीपाळीनं चालवत दोन दिवसांत, कधी एका दमात उरकतात. तुम्ही तीन दिवस घ्या. पहिला मुक्काम व्हर्जिनियात रिचमंडच्या आसपास, म्हणजे पाचशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅरोलिना ओलांडून जॉर्जियातलं सव्हाना. हा दिवस सगळ्यांत लांबचा, साडेसातशेच्या घरातला, पण रस्ता सपाट आहे आणि वाटेत वॉशिंग्टनसारखं मोठं शहर लागत नाही. हाही जड वाटला तर साउथ कॅरोलिनात फ्लोरेन्सला आणखी एक रात्र काढा. सव्हानाहून ऑर्लँडो साडेचारशे किलोमीटर उरतं.

निघायचं शनिवारी पहाटे पाचला. आई-बाबा तसेही पाचला उठलेले असतात. वॉशिंग्टनच्या आसपासची कोंडी कामाच्या दिवशी सकाळी फार वाईट असते आणि सुटीतल्या शनिवारी ऊन चढलं की पुन्हा वाढते, त्याआधी तिथून बाहेर पडायचं.

दर दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, कुणी म्हणो न म्हणो. एका जागी तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की पायाच्या शिरांमध्ये रक्त साकळण्याचा धोका असतो आणि साठीनंतर तो वाढतो. उतरून पाच-दहा मिनिटं चालायचं, पाणी प्यायचं, स्वच्छतागृहात जाऊन यायचं. हायवेवर रेस्ट एरिया आहेत, बऱ्याच राज्यांच्या सीमेवर वेलकम सेंटर आहेत, जागा स्वच्छ असतात. 'कुणाला जायचंय का?' असं गाडीत विचारू नका, सासऱ्यांसमोर सून विचारते तेव्हा तर उत्तर 'नाही' असंच येतं. "मला पाय मोकळे करायचेत" म्हणा आणि थांबवा. हा एक नियम पाळलात तरी अर्धा प्रवास सुखाचा होईल.

गाडी सात जणांची मिनीव्हॅन हवी. मधल्या रांगेतल्या दोन सुट्या खुर्च्या आई-बाबांच्या. तिसऱ्या रांगेत वाकून शिरणं दुखऱ्या गुडघ्यांना जमत नाही, तिथे मुलं बसतील, पण त्यांच्या कार सीट आणि बूस्टर तिथे नीट अडकवता येतात का ते घरीच बघून घ्या. बाबांनी आयुष्यभर गाडी चालवली असली तरी या प्रवासात स्टिअरिंग त्यांच्याकडे देऊ नका. रस्त्याची बाजू उलटी, वेग वेगळा, आणि काही झालं तर इन्शुरन्सची भानगड.

औषधं मागच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत इन्सुलिन खराब होतं, ते थंड पिशवीत, हाताशी. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत, आईच्या पर्समध्ये. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची जेवणाची वेळ हुकता कामा नये, त्यामुळे 'पुढच्या एक्झिटला बघू' असं करत दोन वाजवू नका. दोघांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रिंट जवळ असू द्या. अठरा वर्षांवरच्या परदेशी पाहुण्यांनी नोंदणीचा पुरावा सोबत बाळगावा असा तिथला कायदाच आहे. व्हिजिटर इन्शुरन्सच्या कागदात जुन्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते निघण्याआधी स्वतः वाचा.

कधी जायचं, हा पत्रातला खरा अवघड प्रश्न. "आम्ही नागपूरचे, पंचेचाळीस डिग्री पाहिलेले, फ्लोरिडाच्या उन्हाचं काय सांगता," असं बाबा म्हणतीलच. त्यांना समजावून सांगा, कारण इथे मला खरोखर काळजी वाटते. आपला मे महिना कोरडा. घाम येतो आणि लगेच उडून जातो, त्यानं अंग थंड राहतं. आपले कूलर चालतात तेही हवा कोरडी असते म्हणूनच. ऑर्लँडोत जून ते सप्टेंबर पारा तेहतीस-चौतीसच दाखवतो, पण हवेत इतका दमटपणा असतो की घाम अंगावरच राहतो आणि शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. त्यात बीपीच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी लघवीवाटे बाहेर काढतात. म्हणून नागपूर सोडण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा, की अशा हवेत दिवसभर बाहेर राहायचंय, गोळ्यांचं काय करायचं. स्वतःच्या मनानं एकही गोळी कमी-जास्त करायची नाही.

मला विचाराल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा बघा. फ्लोरिडातल्या शाळा साधारण दहा ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात आणि तुमच्या न्यू जर्सीतल्या बहुतेक शाळा सप्टेंबरमध्ये, लेबर डेनंतर. त्या मधल्या दिवसांत गर्दी बरीच ओसरलेली असते. ऊन मात्र असतंच, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर जोराचा. त्यामुळे हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. शिवाय घरी महालक्ष्म्या बसत असतील तर आधी कॅलेंडर उघडा. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या आहेत त्या सासूबाई त्याआधी नागपूर गाठणार म्हणजे गाठणार, आणि ते अगदी योग्यच आहे. परतीचं विमान आणि ऑर्लँडोहून घरी येणं यात निदान आठवडाभराचं अंतर ठेवा.

ऑगस्ट जमत नसेल तर जूनमध्ये शाळा सुटल्या सुटल्या जा, पण दिवस दोन भागांत वाटा. गेट उघडताना आत, बाराच्या सुमारास हॉटेलवर परत, जेवण, झोप, आणि पाचनंतर पुन्हा. दुपारी बहुतेक रोज तिथे गडगडाटी पाऊस येतो आणि विजांमुळे उघड्यावरच्या राइड्स बंद होतात. ती वेळ खोलीत गेली तर काही बुडत नाही.

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं तेव्हा एकच पार्क होतं, आता चार आहेत. चारही आई-बाबांना दाखवायलाच हवीत असं काही नाही. तिकिटात ज्येष्ठांना सवलत नसते. तीन वर्षांखालचं मूल फुकट, तीन ते नऊ मुलांचं तिकीट, दहापासून पूर्ण. आजी-आजोबांना दोनच पार्कं दाखवा, बाकीचे दिवस त्यांना हॉटेलवर निवांत राहू द्या. मॅजिक किंगडम नातवंडांसाठी, कारण तिथे नातीचा चेहरा बघायला आजी हवीच. दुसरं अॅनिमल किंगडम. ताडोबा-पेंचच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला तिथले वाघ आणि महाराजा जंगल ट्रेक बघताना बोलायला खूप काही सापडतं, आणि नातवाला त्या दिवशी आजोबांकडून ताडोबा कळेल. फक्त तिथल्या सफारीचा उघडा ट्रक बराच उसळतो, पाठ-कंबर दुखत असेल तर टाळा. युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे पार्क ऑर्लँडोतच २२ मे २०२५ ला सुरू झालंय, मुलं त्याचाही हट्ट धरतील. या खेपेला ते राहू द्या.

मुलांची उंची बूट घालून घरीच मोजा. सेव्हन ड्वार्फ्सच्या राइडला ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४. तासभर रांगेत थांबून नाही ऐकावं लागलं की चार वर्षांच्या मुलीचा अख्खा दिवस जातो. तिला घेऊन आजीनं बाहेर बसायचं हे गृहीत धरू नका. रायडर स्विच नावाची सोय आहे, त्यात तुम्हा नवरा-बायकोपैकी एक जण मुलीजवळ थांबतो आणि नंतर पुन्हा रांग न लावता जाऊन येतो. आजीला तिकीट काढून आणलंय, ती दिवसभर बाकावर पिशव्या सांभाळत बसायला आलेली नाही.

व्हीलचेअरबद्दल जरा सविस्तर. पार्कात दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. गुडघेदुखीच्या बाईला ते शक्य नाही, आणि व्हीलचेअर म्हटलं की त्या म्हणणार, "मला काय झालंय बाप्पा, चालते की मी." यामागे लाज असते, लोक काय म्हणतील हे असतं, आणि आपल्याला कुणीतरी ढकलतंय याचा संकोच तर फारच. गेटवर उभं राहून हा वाद घालू नका. घरीच, आठ दिवस आधी, मुलानं आईला सांगावं, "खुर्ची सोबत असू दे, तुला हवं तेव्हा चाल, हवं तेव्हा बस, तोवर त्यात पिशव्या ठेवू." हे मुलानंच सांगायचं, सुनेवर टाकायचं नाही. ढकलायची पाळी नातवाला दिली की आजी बसतात, हे मी बऱ्याच घरांतून ऐकलंय.

खाण्याची चिंता नको. डिस्नेत बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेच्या बरण्या आणि दारू चालत नाही, म्हणून लोणचं प्लास्टिकच्या डबीत. दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा एवढं पहिल्या दोन दिवसांना पुरतं. पुढे छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि राइस कुकर सोबत ठेवा. संध्याकाळी गरम वरण-भात मिळाला की दिवसाचा शीण उतरतो. मात्र रोजचा स्वयंपाक सासूबाईंकडे जाऊ देऊ नका, त्या आपणहून उठतील, तरी.

एक दिवस आई-बाबांचा हवा. ऑर्लँडोहून तासाभरावर केनेडी स्पेस सेंटर आहे. तिथे चंद्रावरच्या मोहिमांचं सॅटर्न-५ रॉकेट आडवं ठेवलंय आणि अवकाशात जाऊन आलेलं अटलांटिस शटल डोळ्यांसमोर दिसतं. १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी रेडिओवर ऐकलेली ही पिढी आहे. या दिवशी मुलं कंटाळली तरी चालेल, बाबांना सगळ्या पाट्या वाचू द्या. आणखी काही दाखवायचं असेल तर जाताना वाटेवर सेंट ऑगस्टिन आहे, स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलेलं गाव, समुद्राकाठचा जुना किल्ला. दोन तास पुरतात.

येताना मात्र गाडी चालवत येऊ नका. अॅमट्रॅक या तिथल्या रेल्वे कंपनीची ऑटो ट्रेन ऑर्लँडोजवळच्या सॅनफर्डहून संध्याकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉशिंग्टनजवळ लॉर्टनला पोचते, तुमची गाडी त्याच ट्रेनमध्ये मागे चढवलेली असते. लॉर्टनहून एडिसन साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे एका दिवसाचं सोपं काम. सुटीच्या दिवसांत जागा लवकर भरतात, तेव्हा तारखा ठरल्या की आधी हे बुकिंग करा. झोपण्याच्या छोट्या खोल्यांना रूमेट म्हणतात, त्यात एक बर्थ वर असतो. दोघांना एकाच रूमेटमध्ये टाकलंत तर एकाला वर चढावं लागेल. त्यामुळे दोन घ्या, दोघांनाही खालचा बर्थ द्या, आणि डब्याच्या खालच्या मजल्यावरची मागा. बहुतेक टॉयलेट खालीच असतात, रात्री जिना उतरावा लागत नाही.