मोठा झाला की येईल, की आत्ताच दाखवायचं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. बोलायला एकदम तरबेज, पण धावताना सारखा धडपडतो, बॉल टाकला की डोळे गच्च मिटतो आणि शर्टचं एकही बटण त्याला काढता येत नाही. बालवाडीच्या बाई म्हणाल्या एकदा स्क्रीनिंग करून घ्या. सासूबाई म्हणतात, त्याचा बाबाही असाच वेंधळा होता, मोठा झाला की येईल सगळं. मला भीती वाटते की स्क्रीनिंग केलं तर त्याच्यावर उगाच शिक्का बसेल.

उत्तर : ताई, आधी शिक्क्याचं बोलू. स्क्रीनिंग म्हणजे निदान नव्हे हो. बऱ्याचदा एक प्रश्नावली असते, ती तुम्हीच भरायची, पाव तासाचं काम, त्यातून एवढंच कळतं की पुढे नीट तपासायला हवं की नको. त्यात अडकलेली कितीतरी मुलं पुढच्या तपासणीत ठणठणीत निघतात.

आता वयाचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये वयानुसार टप्प्यांची यादी सुधारली, त्या-त्या वयाच्या निदान ७५ टक्के मुलांना जे जमतं तेच त्यात ठेवलं. चार वर्षांसाठी त्यात मोठा बॉल बहुतेक वेळा झेलणं आणि काही बटणं काढणं हे दोन्ही आहे. म्हणजे बाईंनी सांगितलं ते बरोबरच आहे, त्यांच्यावर रागावू नका, अशा बाई मिळायला नशीब लागतं.

सासूबाईंचंही अगदीच चूक नाही, असा वेंधळेपणा काही घरांत चालत येतो. पण बाबा सावरला म्हणून त्याला त्रास झाला नाही असं थोडंच आहे? खेळाच्या तासाला त्याला टीममध्ये कोण घ्यायचं, ते एकदा त्यालाच विचारा.

एक गोष्ट मात्र आजच घरी बघा. त्याला जमिनीवर बसवा, मध्ये धरायला काही ठेवू नका आणि लांबून हाक मारा. तो कसा उठतो तेवढंच बघायचं. पटकन उठला तर छान. पण आधी ओणवा झाला, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहिला, किंवा जिना चढताना कठडा ओढत चढतो, पोटऱ्या फुगीर आणि टणक लागतात, तर स्क्रीनिंगची वाट न बघता या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जा. मुलग्यांमध्ये स्नायूंचा एक आजार असा सुरू होतो, सीके नावाची रक्तचाचणी केली की दिशा कळते. हा आजार क्वचितच होतो, पण उशिरा सापडला तर फार हळहळ वाटते म्हणून सांगितलं. तसंच आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली असेल तरी थांबायचं नाही.

हे काही नसेल तर शक्यता हालचालींच्या समन्वयातल्या अडचणीची, डीसीडी म्हणतात ती. साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये असते, बुद्धीशी तिचा संबंध नाही, आणि पाच वर्षांच्या आत हे नाव सहसा देत नाहीत. पण नाव नाही म्हणून मदतही नाही असं नसतं. डोळे तपासून घ्या, ऑक्युपेशनल थेरपिस्टला भेटा, म्हणजे रोजची कामं हाताला जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ. आणि जे येत नाही त्याचाच सराव द्या, नुसते 'ताकदीचे व्यायाम' करून बटण लागत नाही. शर्ट अंगात नको, मांडीवर पसरा, बटण मोठं घ्या, आधी फक्त काढायचं, लावायचं नंतर. बॉलऐवजी फुगा घ्या, तो सावकाश येतो म्हणून डोळे मिटायची गरजच पडत नाही.

प्रश्न : मुलगी नुकतीच तीन वर्षांची झाली. खडू मुठीत धरते, शाळेत मात्र अक्षरं गिरवायला देतात. घरी रोज बसवू का?

उत्तर : नका बसवू. तिसऱ्या वर्षी मूठ चालते, चौथ्यापर्यंत खडू बोटांत यायला हवा. तीनला बघून गोल काढता येतो, चारला अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचच्या आसपास त्रिकोण. तिरकी रेघ हाताला सगळ्यात उशिरा येते आणि आपण अक्षरांत तिलाच आधी आणतो! तिला चिखलात खेळू द्या, लोंबकळू द्या, खडूचे छोटे तुकडे करून द्या, छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांतच धरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे या वयात दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० चांगली दमवणारी, आणि स्क्रीन तासाच्या आतच.

प्रश्न : भाचा अकरा महिन्यांचा आहे, सगळं उजव्याच हाताने घेतो. घरात सगळे खूश. बरोबर ना?

उत्तर : नाही, हा लवकर दाखवा. एवढ्या लहान वयात मुलं दोन्ही हात सारखेच वापरतात, एकच हात पक्का झाला असेल तर दुसरा कमी पडत नाहीये ना ते बघावं लागतं. डावी मूठ सतत आवळलेली असते का, रांगताना डावा पाय ओढतो का, हेही सांगा. आणि जाताना घरचे दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा, कारण डॉक्टरांसमोर मूल नेमकं काहीच करत नाही.