कागदी पट्टीचं जुनं टाइमिंग मशीन घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की चावीची चार-पाच घड्याळं आहेत, ओळखीतून कागदावर ठिपके मारणारं एक जुनं टाइमिंग मशीन (ठोके ऐकून घड्याळ दिवसाला किती पुढे-मागे जातं ते दाखवणारं यंत्र) मिळतंय, तर ते घ्यावं की हल्लीचं छोट्या स्क्रीनचं? माझ्याकडे दोन्ही आहेत. नुसता आकडा हवा असेल तर स्क्रीनवालंच घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. घड्याळाचं नेमकं कुठे दुखतंय हे ओळखायला शिकायचं असेल, तर मात्र जुन्याचा विचार करा.

व्हायब्रोग्राफ, ग्राइनर, टिकोप्रिंट, नाव कुठलंही असो, कल्पना एकच. घड्याळ मायक्रोफोनच्या चिमट्यात धरायचं. आत ठरलेल्या गतीने फिरणारा एक दंडगोल असतो आणि त्यावर मळसूत्रासारखी उंचवट्याची धार. घड्याळाचा ठोका ऐकू आला की छोटी हातोडी कागदावर आपटते आणि धार त्या क्षणी जिथे असेल तिथे ठिपका उमटतो. कागद सावकाश सरकत राहतो. घड्याळ मशीनच्या तालात असेल तर ठिपके सरळ रेषेत पडतात, नसेल तर रेषा कलते. वर बसवलेली रेघांची पारदर्शक तबकडी फिरवून त्या कलाशी जुळवली की दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे ते वाचता येतं.

फरक किती बारीक असतो बघा. तासाला १८,००० ठोक्यांचं घड्याळ दिवसाला १० सेकंद पुढे जात असेल, तर मिनिटभरात ते जेमतेम ७ मिलिसेकंद पुढे सरकतं. दंडगोलाची फेरी एका ठोक्याइतकी, म्हणजे ०.२ सेकंदाची धरली, तर मिनिटभरात पट्टीच्या रुंदीच्या साडेतीन टक्के. म्हणून दोन-चार ठिपके बघून निकाल देऊ नका, मिनिटभर तरी चालू द्या.

पण रेषेचा कल हा त्यातला सगळ्यात कमी मजेचा भाग. एकीच्या जागी दोन समांतर रेषा आल्या, तर ‘टिक’ आणि ‘टॉक’ सारख्या अंतराने पडत नाहीयेत, म्हणजे घड्याळ बीटमध्ये नाही. रेषा नागमोडी असेल तर लाट किती वेळाने परत येते ते मोजा. एस्केप व्हीलला (ठोक्यागणिक थोडं थोडं सुटणाऱ्या चाकाला) बहुधा १५ दाते असतात, म्हणजे एका फेरीत ३० ठोके. १८,००० च्या घड्याळात लाट दर ६ सेकंदांनी येत असेल तर आधी त्याच चाकाकडे बघायचं. मिनिटाला एकदा येत असेल तर सेकंदाच्या चाकाकडे. ठिपके मोहरी सांडल्यासारखे विखुरले असतील, तर तेल वाळलंय किंवा आत घाण आहे. आणि घड्याळ एकाएकी भलतंच पुढे धावायला लागलं असेल, तर उघडण्याआधी चुंबकत्व काढून बघा.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जुन्या मशीनवर दिसत नाही, ती म्हणजे बॅलन्स (मागे-पुढे झुलून घड्याळाला ताल देणारं चाक) किती अंशांत झुलतोय. पूर्ण चावी दिलेल्या, आडव्या ठेवलेल्या निरोगी घड्याळात तो साधारण २७० ते ३१० अंश असतो. स्क्रीनवालं मशीन ते सांगतं (अर्थात लिफ्ट अँगल, म्हणजे एका ठोक्यादरम्यान बॅलन्स जितक्या अंशांत फिरतो तो त्या घड्याळाचा ठरलेला आकडा, बरोबर भरला असेल तर). माझं दुसरं मशीन त्यासाठीच घेतलेलं आहे.

आता माझी फजिती. मशीन आणल्यावर पहिल्याच महिन्यात मी तीन घड्याळं मोठ्या हौसेने अगदी सरळ रेषेवर आणली. आठवड्याभरात तिन्ही पुढे, आणि तीही जवळजवळ सारखीच! दोष घड्याळांचा नव्हता. मशीनचा स्वतःचा तालच जलद झाला होता आणि मी घड्याळं त्याच्या मागे पळवत होतो. हा ताल काही मशीनमध्ये ट्यूनिंग फोर्क राखतो, काहींमध्ये क्वार्ट्झ. वयाप्रमाणे तो हलू शकतो. त्यामुळे घेण्याआधी एकच घड्याळ, त्याच स्थितीत, लागोपाठ जुन्या मशीनवर आणि एखाद्या नव्यावर तपासा. फरक कायम तेवढाच राहत असेल तर वजा करून काम भागतं. दर वेळी बदलत असेल तर सोडून द्या.

तुमच्या घड्याळांचे ठोकेही आधी बघून घ्या. फार जुन्या मशीनवर तासाला २८,८०० ठोक्यांची सोय नसते. भलत्या गतीवर लावलं की पट्टीवर एकाऐवजी रेषांची रांगच उमटते. कल तरीही वाचता येतो, पण दुहेरी रेषा त्या गर्दीत ओळखणं कठीण.

आणि व्हॉल्व्हचं (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचं) मशीन असेल, वर्षानुवर्षं बंद पडून असेल, तर घरी आणून थेट प्लगमध्ये खुपसू नका. जुने कपॅसिटर दगा देतात, आत व्होल्टेजही जबर असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतं. आधी जाणकाराकडून उघडून घ्या. त्याला शाईची फीत आणि कागदाची रुंदीही बघायला सांगा, कारण तसला कागद मिळणार नसेल तर रोल तुम्हालाच कापून घ्यावे लागतील. मी तेच करतो.