पहिलटकरणीने स्वतःसाठी एवढे करावे

आठवा महिना लागला, की घरातल्या सगळ्यांचे लक्ष बाळाच्या तयारीकडे वळते आणि आईची लोहाची गोळी मागे पडते. तसे होऊ देऊ नका. डॉक्टरांनी दिलेली ही गोळी चहा किंवा दुधाबरोबर न घेता लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास तरी लांब ठेवावी, म्हणजे लोह अंगी लागते. शौचाचा रंग काळपट झाला तर घाबरू नका, तो गोळीचाच परिणाम असतो. बाळंतपणानंतरही ती 180 दिवस चालू ठेवायची असते, हे बहुतेकींना कोणी सांगतच नाही. सारसबागेत सकाळी रमतगमत चालणेही चांगले.

बाळंतिणीने डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर खावी. मात्र बंद खोलीत शेगडीचा धूर नको, तो बाळाच्याही छातीत जातो. बाळ झोपले, की भेटायला आलेल्यांची भीड न बाळगता आडवे व्हावे. दोन आठवडे उलटूनही रडू येत राहिले, तर डॉक्टरांना सांगावे. तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागले, डोके असह्य दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.